बाईची तब्येत हेच पहिलं भांडवल

  भाताची झोडणी आटोपली आहे, नाताळ जवळ आला आहे. म्हणून आज तब्येतीबद्दल बोलू, आणि ख्रिस्ती धर्म त्याबद्दल काय सांगतो तेही पाहू.

आपल्या गटांना दशसूत्री पाठ असते. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि दप्तर ही पहिली पाच सूत्रं. त्यांच्यानंतर लगेच येतं आरोग्य. पण बैठकीत पाच सूत्रांवर तासभर बोलणं होतं आणि सहाव्यावर येईपर्यंत सगळ्या उठलेल्या असतात. खरं तर हप्ता थकण्यामागे बऱ्याचदा घरातलं आजारपणच असतं. शेळीसाठी घेतलेलं कर्ज दवाखान्यात जातं, आणि शेळी राहते बाजारातच.

बायबलमध्ये मार्कच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात एका बाईची गोष्ट आहे. तिला बारा वर्षं रक्तस्राव होत होता. पुष्कळ वैद्य झाले, जवळचा पैसा संपला, तरी गुण आला नाही, उलट दुखणं वाढलं. त्या काळी अशा बाईला अशुद्ध मानत. म्हणून ती गर्दीतून लपतछपत आली आणि तिने येशूच्या वस्त्राला हात लावला. येशू थांबला. तिने सगळ्यांसमोर आपलं दुखणं सांगितलं, आणि त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली, बरी करून पाठवलं. मैत्रिणींनो, अंगावरून जास्त जाणं लपवणाऱ्या बाया आजही आपल्या गावागावांत आहेत. ही गोष्ट त्यांना सांगते, की या दुखण्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्याच अध्यायात बारा वर्षांची एक मुलगी येशूच्या शब्दाने पुन्हा उठते. तेव्हा तो घरच्यांना सांगतो, तिला खायला द्या. चमत्कार झाला तरी पोटाला अन्न लागतंच! एलिया नावाचा संदेष्टाही एकदा थकून, मरण मागत झाडाखाली पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. मगच पुढची वाट सांगितली.

संत पौलाने शरीराला देवाच्या आत्म्याचं मंदिर म्हटलं आहे. देऊळ आपण रोज झाडतो, मग या मंदिराला उपाशी का ठेवायचं? आजार म्हणजे पापाची शिक्षा, हेही येशूने एका आंधळ्या माणसाबद्दल बोलताना नाकारलं. पौलाचा सोबती लूक तर स्वतः वैद्य होता. म्हणजे प्रार्थना करावी, पण दवाखान्याची वाट सोडू नये.

हा विचार आपल्याच महाराष्ट्रात कामाला लागलेला दिसतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं वेल्लोरला डॉक्टर झालं आणि १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला येऊन राहिलं. लोकांची पहिली गरज अन्न आणि पाणी होती, म्हणून त्यांनी तिथूनच सुरुवात केली. मग गावागावांतून बाया निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. त्या बाळाचं वजन करायला, जुलाबावर मीठ-साखर-पाणी द्यायला, बाळंतपण सांभाळायला शिकल्या. त्या भागात १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पंचवीस वर्षांत हा आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना गावात कुणी विचारत नव्हतं, त्या बायांच्या शब्दाला वजन आलं. छोटे धंदे उभे करायला त्यांना मदतही मिळाली. आरोग्य आणि प्रगती हातात हात घालून आली.

आता आपण काय करायचं? चार गोष्टी सांगतो.

एक, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल, तर अंगात रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर चालतील.

दोन, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालली किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर थांबू नका. आशाताईंना सांगा, डॉक्टरांना दाखवा.

तीन, वयाची तिशी ओलांडली की बीपी आणि साखर तपासा. दोन्ही आजार गुपचूप वाढतात.

चार, सगळ्यांचं उरलेलं आपण, ही रीत मोडा. नाचणीची भाकरी, कडधान्य आणि पालेभाजी वाढताना स्वतःचंही ताट वाढा. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून काम केलेल्या कंबरेला रात्रीची पुरी झोप द्या.

एक मात्र लक्षात असू द्या. जिची तब्येत नाजूक आहे किंवा जिला अपंगत्व आहे, ती कुठेही कमी नाही. बारा वर्षं आजारी असलेल्या त्या बाईलाही येशूने मुलगीच म्हटलं. अशा मैत्रिणीला गटाने जास्त आधार द्यायचा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी एक प्रश्न विचारा, कोणाला काय दुखतंय? उत्तर दप्तरात लिहू नका, पण तिच्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार ते तिथेच ठरवा.