ऑलिव्ह तेल: आईला हवं, बाळाला नको

मैत्रिणींनो, थंडी पडली की टाचा भेगाळतात, कोपरं खरखरीत होतात. अशा वेळी ऑलिव्ह तेल गुणाचं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच चार थेंब चोळा. ओलावा टिकतो, कातडी मऊ पडते. डोळ्यांभोवती पसरलेलं काजळही तेलाच्या बोळ्याने अलगद निघतं.

पण महागाचं ते चांगलं, असं समजून तान्ह्या बाळाच्या अंगाला मात्र ते चोळू नका हं! त्यात ओलेइक आम्ल फार. त्याने त्वचेचा वरचा संरक्षक थर कमजोर होतो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांना २०१३ साली मोठ्या माणसांच्या त्वचेवरही हेच आढळलं. सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. मग बाळाची नाजूक त्वचा ती काय! अंगावर कोरडे, लाल चट्टे दिसले तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि आणलेली बाटली? ती तुमच्या टाचांसाठी!