अळीला शेंड्यावर नेणारी जनुकं

शेवगाव तालुक्यात कपाशीची वेचणी चालू असते, तूर शेंगेवर आलेली असते आणि हरभरा घाटे धरू लागतो, तेव्हा या तिन्ही पिकांवर टपलेली अळी एकच असते. कपाशीत तिचं नाव हिरवी बोंडअळी, तुरीत शेंगा पोखरणारी अळी आणि हरभऱ्यात घाटे अळी. शास्त्रज्ञ तिला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतात. २००२ साली बीटी कपाशी आली तसा बोंडांवरचा तिचा जोर ओसरला, पण तूर आणि हरभरा तिने सोडलेला नाही. घाट्याला भोक पाडायचं, डोकं आत आणि अर्धं अंग बाहेर ठेवून दाणा खायचा आणि पुढच्या घाट्याकडे वळायचं, हा तिचा क्रम.

याच हरभऱ्यात कधी कधी शेंड्यावर एखादी अळी उलटी लटकलेली दिसते. मागच्या पायांनी फांदी धरलेली, डोकं खाली, अंग फुगून मऊ आणि काळपट झालेलं. बोट लागलं तरी कातडी फाटते आणि आतून राखाडी पाणी ओघळतं. ही अळी कुठल्या रासायनिक औषधाने मेलेली नाही. ती आजारी पडली, झाडाच्या टोकावर चढली आणि तिथे विरघळली. तिने टोकावर चढावं आणि तिथेच विरघळावं हे ज्या जनुकांनी ठरवलं, ती जनुकं तिची नव्हतीच. ती एका विषाणूची होती.

या विषाणूला शेतकरी एचएएनपीव्ही या नावाने ओळखतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या एकात्मिक कीड नियंत्रणाच्या शिफारशींत तो आहे आणि कृषी सेवा केंद्रात बाटलीतही मिळतो. तरीही ‘विषाणू फवारला, पण फरक पडला नाही’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. माझं मत असं, की बहुतेक वेळा दोष विषाणूचा नसतो. रासायनिक औषधाला वेळ, वय आणि ऊन यांचं फारसं सोयरसुतक नसतं, विषाणूला असतं. संध्याकाळी फवारा, अळी लहान असताना फवारा, बोर्डो मिश्रणात मिसळू नका, या सूचना कुणी कार्यालयात बसून सुचवलेल्या नाहीत. त्या विषाणूच्या जीवनक्रमातून निघाल्या आहेत. तो क्रम एकदा समजला, की सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

विषाणू म्हणजे प्रथिनाच्या आवरणात गुंडाळलेली जनुकं. तो खात नाही, श्वास घेत नाही आणि स्वतःचं एकही प्रथिन स्वतः बनवू शकत नाही. प्रथिनं बनवण्याची सगळी सामग्री जिवंत पेशीत असते, त्यामुळे पेशीत शिरून आपल्या जनुकांचं वाचन तिच्याकडून करून घेणं, एवढा एकच मार्ग त्याच्यापुढे असतो. हे वाचन कसं करून घ्यायचं, हे त्याची जनुकं कशात लिहिलेली आहेत यावर ठरतं. करोनाची जनुकं सुमारे तीस हजार अक्षरांच्या आरएनएवर असतात आणि तो आरएनए पेशी थेट वाचू शकते. तुरीच्या वांझ रोगाचा विषाणूही आरएनएचाच, पण त्याची अक्षरं उलट्या बाजूने लिहिलेली असतात. पेशीला ती वाचता येत नाहीत, म्हणून सुलट प्रत काढणारं विकर त्याला सोबत घेऊनच यावं लागतं. २०२२ साली आपल्या गोठ्यांत शिरलेल्या लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला, सुमारे दीड लाख अक्षरांच्या डीएनएचा. डीएनए असूनही तो पेशीच्या केंद्रकात जात नाही. प्रती काढायची विकरं स्वतःच बाळगतो आणि बाहेरच्या पेशीद्रव्यातच काम उरकतो.

घाटे अळीचा विषाणूही डीएनएचाच, पण तो सरळ केंद्रकात जातो. त्याचा डीएनए वर्तुळाकार असतो. २००१ साली चिनी शास्त्रज्ञांनी त्याच्या एका वाणाचा पूर्ण क्रम वाचला, तेव्हा सुमारे १ लाख ३१ हजार अक्षरं आणि १३५ संभाव्य जनुकं सापडली. माणसात प्रथिनं घडवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास आहेत. या १३५ च्या बळावर हा विषाणू अळीचं पचन, वाढ, कात टाकणं आणि चालणंसुद्धा आपल्या ताब्यात घेतो.

झाडाच्या पानावर हा विषाणू उघडा नसतो. खडीसाखरेच्या खड्यात जसा दोरा अडकलेला असतो, तसे विषाणूचे अनेक कण एका प्रथिनाच्या स्फटिकात बसवलेले असतात. या स्फटिकांना पॉलिहेड्रा म्हणतात. बाटलीवर पीओबी असं लिहून जो आकडा दिलेला असतो, तो या स्फटिकांचा. स्फटिक एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसेल एवढा. तो पाण्यात विरघळत नाही आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. तो विरघळतो फक्त तीव्र अल्कधर्मी द्रवात, आणि असा द्रव अळीच्या मध्यआतड्यात असतो. तिथला सामू दहाच्या वर जातो. माणसाच्या जठरात आम्ल असतं. तिथे हा स्फटिक उघडला, तरी आपल्या पेशींना चिकटायला लागणारी किल्ली त्या कणांकडे नाही. गाय, मधमाशी, लेडी बर्ड भुंगेरा यांनाही त्यापासून धोका नाही. इतकंच काय, हा विषाणू गुलाबी बोंडअळीवर किंवा मक्यावरच्या लष्करी अळीवरही चालत नाही. त्या अळ्यांसाठी ही बाटली घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

पानाबरोबर स्फटिक पोटात गेला की काही मिनिटांत विरघळतो आणि कण मोकळे होतात. ते आतड्याच्या पेशींना चिकटतात, आत शिरतात आणि डीएनए केंद्रकात पोचतो. आता जनुकं क्रमाने जागी होतात. हा क्रमच विषाणूचं खरं शास्त्र आहे. सुरुवातीची जनुकं अळीचंच विकर वाचतं, कारण ती अळीच्या जनुकांसारखीच दिसतील अशी त्यांची सुरुवात लिहिलेली असते. त्यांतून बनलेली प्रथिनं पेशीचा ताबा घेतात आणि डीएनएच्या प्रती काढू लागतात. विषाणू शिरलेली पेशी स्वतःला संपवून इतरांना वाचवू पाहते. हा आत्मनाश रोखणारी जनुकंही विषाणूकडे असतात. मग विषाणू स्वतःचं वाचक विकर बनवतो. चार प्रथिनांच्या जोडणीतून तयार होणारं हे विकर अळीच्या जनुकांकडे लक्षच देत नाही, फक्त विषाणूची उशिराची जनुकं वाचतं. त्यांतून नव्या कणांची आवरणं घडतात. सगळ्यात शेवटी, साधारण एक दिवस उलटल्यावर, स्फटिकाच्या प्रथिनाचं जनुक असं काही जोरात सुरू होतं, की पेशीतलं बाकी सारं उत्पादन त्यापुढे मागे पडतं.

या क्रमामुळे एकाच डीएनएपासून दोन प्रकारचे विषाणू तयार होतात. आधी जे कण बनतात ते स्फटिकात जात नाहीत. पेशीच्या दुसऱ्या बाजूने, अळीच्या पटलाचं पांघरूण घेऊन ते बाहेर पडतात आणि रक्तातून, श्वासनलिकांच्या जाळ्यातून अंगभर पसरतात. यांचं काम एका अळीच्या आत फैलावण्याचं. नंतर बनणारे कण केंद्रकातच राहून स्फटिकात बसतात. त्यांचं काम एका अळीतून दुसऱ्या अळीत जाण्याचं. पहिल्या प्रकाराला उन्हातान्हात टिकायचं नसतं, दुसऱ्याला टिकायचंच असतं. आवरणं वेगळी, पेशीला चिकटणारी प्रथिनं वेगळी, पण जनुकांचा संच तोच.

याचा एक परिणाम थेट बाटलीच्या किमतीपर्यंत येतो. हा विषाणू प्रयोगशाळेत काचपात्रातल्या सुट्या पेशींत वाढवता येतो, पण तिथे कणाला एका पेशीतून शेजारच्या पेशीतच जायचं असतं, स्फटिकाची गरजच पडत नाही. मग डीएनएच्या प्रती काढताना एखाद्या जनुकात चूक होऊन जो विषाणू स्फटिक कमी आणि सुटे कण जास्त बनवतो, तोच पुढे निघून जातो. काही पिढ्यांतच पात्रात स्फटिक कमी बनवणाऱ्यांचं राज्य येतं, आणि शेतात असला विषाणू कुचकामी ठरतो. म्हणून आजही या विषाणूचं उत्पादन मुख्यतः जिवंत अळ्यांतच होतं: हरभऱ्याच्या पिठाच्या खाद्यावर अळ्या पोसायच्या, त्यांना आजारी पाडायचं, मेल्यावर गोळा करून वाटून गाळायच्या. एका पूर्ण वाढलेल्या रोगट अळीतून निघणाऱ्या स्फटिकांना एक एलई म्हणतात आणि तो हिशेबात ६०० कोटी धरला जातो. हरभऱ्यावर हेक्टरी २५० ते ५०० एलईची मात्रा देतात. ५०० एलई म्हणजे तीन लाख कोटी स्फटिक.

अळीची कात हा या कथेतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. अळी वाढते तशी कात टाकते आणि त्या वेळी खाणं थांबवते. खाणं थांबलं, की विषाणूच्या वाढीची सामग्रीही आटते. कात टाकण्याचा हुकूम देणाऱ्या संप्रेरकाला साखरेचा एक रेणू चिकटवून ते निकामी करणारं जनुक विषाणूकडे आहे, हे अमेरिकेत ओरायली आणि मिलर यांनी १९८९ साली अशाच एका अळीच्या विषाणूत दाखवून दिलं. या जनुकाचं नाव ईजीटी. हे जनुक असलं की अळी कात टाकत नाही, खात राहते, आणि तिच्या शरीरात विषाणू अधिक वाढतो. ते काढून टाकलं तर अळी लवकर मरते. म्हणजे अळीला जरा जास्त जगवणं हे विषाणूच्या फायद्याचं आहे, आणि शेतकऱ्याच्या नेमकं उलट. फवारणीनंतर चार ते सात दिवस अळी जिवंत दिसते त्याचं एक कारण इथे आहे.

शेंड्यावर चढण्याचंही तसंच. जंगलातल्या स्पाँजी पतंगाच्या अळ्यांच्या विषाणूतून ईजीटी जनुक काढल्यावर आजारी अळ्या वर चढेनाशा झाल्या, हे २०११ साली प्रसिद्ध झालं. खुद्द घाटे अळीवरच्या २०२२ च्या चिनी अभ्यासात दिसलं, की विषाणू अळीची उजेड ओळखण्याची यंत्रणा चेतवतो आणि ती उजेडाकडे, म्हणजे वर सरकत जाते. तिथे मेल्यावर विषाणूची आणखी दोन जनुकं कामाला लागतात. एक कातडीतलं कायटिन तोडतं, दुसरं प्रथिनं विरघळवतं. कातडी फाटते आणि कोट्यवधी स्फटिक खालच्या पानांवर ओघळतात, जिथे लहान अळ्या खात असतात. वर लटकलेली अळी पक्ष्यालाही चटकन दिसते. पक्ष्याच्या पोटातून स्फटिक शाबूत बाहेर पडतात आणि विष्ठेतून दुसऱ्या सरीवर, दुसऱ्या शेतावर जातात. हरभऱ्यात पक्षी थांबे लावायचा, अळ्या वेचल्या जाण्यापलीकडचा, हा दुसरा फायदा.

आता सूचनांकडे वळू. उन्हातली अतिनील किरणं डीएनए तोडतात, स्फटिक त्याला फार काळ वाचवू शकत नाही. म्हणून फवारणी संध्याकाळी करायची, द्रावणात राणीपाल घालायचं, कारण ते ही किरणं शोषून घेतं. अळीने चवीने खावं म्हणून गूळ घालायचा. बोर्डो मिश्रण अल्कधर्मी, त्यात स्फटिक पोटात जाण्याआधीच उघडतील. कपाशीच्या पानांवरचं दवही अल्कधर्मी असतं, त्यामुळे हा विषाणू कपाशीवर कमी टिकतो. हरभऱ्याची गोष्ट निराळी. तिच्या पानांवरची आंब आंबट असल्यामुळे विषाणू मरतो असं समजलं जायचं, पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोषी ठरलं ते आम्ल नव्हे, तर पानावर असणारे आयसोफ्लेव्हॉनॉइड हे पदार्थ. आणि अळीचं वय सर्वांत महत्त्वाचं. लहान अळीला मोजके स्फटिक पुरतात, मोठीला त्याच्या कितीतरी पट लागतात, आणि शेवटच्या दोन अवस्थांतच ती सर्वांत जास्त खाते. बोटाएवढ्या झालेल्या अळ्यांवर एचएएनपीव्ही फवारणारा शेतकरी निराश होणारच.

स्फटिकाचं प्रथिन बनवणारं ते जोरकस जनुक माणसाच्याही कामाला आलं. १९८३ साली अमेरिकेत स्मिथ, समर्स आणि फ्रेझर यांनी याच कुळातल्या एका विषाणूत त्याच्या जागी माणसाच्या इंटरफेरॉनचं जनुक बसवलं आणि अळीच्या पेशी इंटरफेरॉन बनवू लागल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्होव्हॅक्स लस याच वाटेने आली. तिच्यातलं करोनाचं काट्याचं प्रथिन अळीच्या पेशींत या कुळातल्या विषाणूकरवी बनवून घेतात. २०२१ च्या डिसेंबरात तिला भारतात आपत्कालीन परवानगी मिळाली. त्या पेशी मूळ कोणत्या किडीच्या? २०१८ पासून आपल्या मक्यावर पडणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीच्या.

या हंगामात शेवगावच्या हरभरा-तूर उत्पादकांना माझी विनंती आहे. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग दिसले, की शेतात वाकून अंडी आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या शोधा. बाटली घेताना पीओबीचा आकडा आणि मुदतीची तारीख वाचा, ती थंड जागी ठेवा, आणि अळ्या अर्ध्या पेराएवढ्याही होण्याआधी संध्याकाळी फवारा. मात्रेबद्दल शंका असेल तर तालुक्यातच दहिगाव-ने इथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे आधी विचारा. आणि फवारल्यावर तिसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून रासायनिक पंप उचलू नका, आठवडा थांबा.