जखमेचे घड्याळ आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस

सोलापूरला गेलात तर नवी पेठेत खरेदी जरूर करा. पण भय्या चौकातही जाऊन या. तेथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस मुंबईत डॉक्टर झाले आणि पुढील परीक्षेची तयारी करू लागले. तेव्हा चीन जपानी आक्रमणाशी झुंजत होता. राष्ट्रीय काँग्रेसने तिकडे पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात कोटणीसांनी आपण होऊन नाव दिले. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून निघाले.

उत्तर चीनच्या डोंगराळ खेड्यांत त्यांना काय करावे लागले? गोळी लागली की मांसाचा काही भाग मरतो. मेलेल्या मांसाला रक्त मिळत नाही, म्हणजेच प्राणवायूही मिळत नाही. मातीतील काही जंतूंना नेमकी अशीच जागा हवी असते! ते झपाट्याने वाढतात आणि गँग्रीन होते. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लागला होता. पण ते औषध म्हणून या खेड्यांत पोचलेले नव्हते. मग उपाय एकच : मेलेले मांस कापून काढायचे, जखम स्वच्छ धुवायची आणि हे सारे काही तासांच्या आत करायचे. जखमी माणूस दूरच्या रुग्णालयात पोचेपर्यंत उशीर होई. म्हणून डॉक्टरच आघाडीजवळ जात. १९४० च्या एका लढाईत कोटणीस ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया करीत होते, असे सांगतात.

या कामात डॉक्टरलाही धोका असे. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांच्या बोटाला शस्त्रक्रिया करताना कापले. एवढ्याशा जखमेतून जंतू रक्तात भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. ते चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत तेथील विद्यार्थ्यांना शिकवू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या आजाराने त्यांचे निधन झाले.

धनुर्वाताचे जंतूही असेच प्राणवायूविना वाढतात. म्हणून शेतात खिळा पायात रुतला तर त्यावर माती किंवा शेण लावू नका. जखम साबणाने व भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखमेचे घड्याळ थांबत नाही!