निवडून घेतलेली भाजी

मंडईत भेंडी निवडताना मला हटकून वळिवडे आठवते. कोल्हापूरजवळच्या या गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका-मुले, महायुद्धाने रशियातून इराणमार्गे इकडे लोटलेली. खर्च प्रथम लंडनमधले पोलिश सरकार सोशी.

मला अप्रूप वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. कुटुंबाला खोल्या, चूल आणि दरमहा बेताचा भत्ता मिळे. त्यात बाजार करावयाचा, आपल्या चवीचे आपण शिजवावयाचे. घरदार गमावलेल्या बाईला ‘हे नको, ते दे’ म्हणता येणे म्हणजे काय, हे दानशूरांना सहसा उमजत नाही!

पुढे २०२२ मध्ये युक्रेनमधली कुटुंबे पोलंडच्या दारी आली. त्यांनाही रोख मदत मिळाली. पुष्कळ ठिकाणी निवाऱ्याचे पाहिले ते तिथल्या नगरपालिकांनी. नगरपालिकेचा पैसा कुणाच्या कामी येतो, हा प्रश्न आमच्या पुण्यात जोतीराव फुल्यांनी विचारला होता. या मंडईवरचा खर्चही त्यांना पटला नव्हता, आणि मंडईला नाव त्यांचेच!

‘‘अहो काका, किती निवडाल?’’ भाजीवाली करवादली.

मी आणखी दोन भेंड्या बाजूला काढल्या.