समुद्रात जन्मूनही पोहता न येणारे पिल्लू

पाण्यात जन्मलेल्या प्राण्याला पोहणे शिकवावे लागत नाही, असा समज आहे. उत्तर पॅसिफिकमधील समुद्री पाणमांजर तो खोटा ठरवते. तिचे पिल्लू समुद्रात जन्मते, पण त्याला पोहता येत नाही आणि बुडीही मारता येत नाही. दाट केसांत अडकलेल्या हवेमुळे ते बुचासारखे नुसते तरंगते. या प्राण्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर नसतो. ऊब मिळते ती या हवेमुळेच. म्हणून आई पिल्लाचे केस सतत चाटून फुलवत राहते. अन्नासाठी बुडी मारताना ते वाहून जाऊ नये, यासाठी कधी कधी ती त्याला केल्प या समुद्री शेवाळाच्या पात्यांत गुंडाळते.

सुमारे महिन्याने पिल्लू पोहू लागते, दोनेक महिन्यांनी बुडी जमते. स्वतःचे पोट भरायला मात्र सहा महिने लागतात. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयात अनाथ पिल्ले दत्तक आईकडे सोपवतात, ती यासाठीच.

माणसाच्या तान्ह्या बाळाला पाण्यात धरले तर ते क्षणभर श्वास रोखते, हातपाय हलवते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, पोहणे नव्हे. श्वासासाठी डोके वर काढणे त्याला जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख लोक बुडून दगावले. त्यांतील जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. रांगत्या मुलाला बुडायला अर्धी बादली पाणीही पुरते. त्यामुळे वापर संपताच बादली उपडी करावी, टाकीला झाकण लावावे आणि पाण्याजवळ मूल हाताच्या अंतरावर ठेवावे.