डोळ्यातील काचाभ द्रव आणि ‘डोळ्यापुढील माशी’

नेत्ररोगांचा विचार करताना भिंग व मोतीबिंदू यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु नेत्रगोलाचा सुमारे चार पंचमांश भाग व्यापणाऱ्या काचाभ द्रवाकडे, म्हणजेच व्हिट्रियसकडे, फारसे लक्ष देत नाही. ‘डोळ्यापुढे माशी फिरते’ असे सांगणारा रुग्ण मात्र उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील आपल्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत येतच असतो.

भिंग व दृष्टिपटल यांच्यामधील हा पारदर्शक पदार्थ अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा असून त्याचे आकारमान सुमारे ४ मि.लि. असते. त्यात ९८ ते ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या अत्यल्प भागातील कोलॅजेनचे सूक्ष्म तंतू व हायलुरोनिक आम्ल त्यास घट्टपणा देतात. प्रकाशास निर्वेध वाट देणे, हादरे सोसणे ही त्याची कार्ये. वय वाढते तसा तो पातळ होतो, तंतू एकत्र गोळा होतात व त्यांची सावली दृष्टिपटलावर पडते. हीच ती माशी! पन्नाशीनंतर, आणि लघुदृष्टी असल्यास त्याही आधी, हा द्रव दृष्टिपटलापासून सुटू लागतो. बहुधा त्यातून अपाय होत नाही.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या ७ व्या अध्यायात दोष दुसऱ्या पटलात गेल्यावर माश्या, डास, केस, जाळी दिसतात असे सांगितले आहे. लक्षणे जुळतात, परंतु म्हणून दुसरे पटल म्हणजेच काचाभ द्रव हे समीकरण आम्हांस मान्य नाही. ते पटल मांसाश्रित आहे. या द्रवात मांस नाही, प्रौढावस्थेत रक्तवाहिनीही नाही.

खरी चिंता निराळी आहे. द्रव सुटताना जेथे घट्ट चिकटलेला असतो तेथे दृष्टिपटल ताणले जाते, वीज चमकल्यासारखे दिसते व क्वचित पटल फाटते. त्या छिद्रातून पाणी मागे शिरले की पटलच सुटते. केवळ छिद्र असताना लेसरने काम भागते. पटल सुटल्यावर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते, आणि मध्यबिंदू सुटल्यास गेलेली दृष्टी पूर्ण परत येईलच असे नाही. मधुमेही रुग्णात अचानक काजळीचा वर्षाव दिसल्यास आत रक्तस्राव झालेला असू शकतो.

म्हणून नव्याने चमक, एकाएकी वाढलेल्या माश्या वा एका बाजूने पडदा येणे, यांपैकी काहीही असल्यास तर्पण, नस्य वा त्रिफळा घृत सुरू करून आठवडा घालवू नये. दुकानदारबंधूंनीही थेंबांची बाटली देऊ नये. डोळ्यात घातलेले थेंब या द्रवापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. त्याच दिवशी बाहुली विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी व्हावी. जवळ तज्ज्ञ नसल्यास रुग्णास कल्याण वा ठाण्यास पाठवावे; मात्र तपासणीनंतर काही तास अंधुक दिसते, तेव्हा स्कूटरने न जाता सोबत कोणास घेऊन लोकलने जाण्यास सांगावे.