विसारापासून ताब्यापर्यंत

पुण्यामुंबईकडे वापरातील सदनिका विकत घेऊ पाहणाऱ्या गृहस्थाचा आणि ती विकणाऱ्या मालकाचा आकडा एकदाचा जुळला, मध्यस्थाने दोघांचा होकार पदरात पाडून घेतला आणि विसाराची रक्कम पोचती झाली, म्हणजे घरातील मंडळींना आता केवळ सामान हलविण्याचेच काम उरले आहे असे वाटू लागते. भाड्याच्या घराला नोटीस देण्याची, मुलांच्या शाळाप्रवेशाची आणि वास्तुशांतीच्या मुहूर्ताची भाषा सुरू होते. वस्तुतः मालकीच्या दृष्टीने त्या क्षणापर्यंत काहीही घडलेले नसते. विक्रीच्या करारामुळे आपोआप त्या मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ निःसंदिग्धपणे सांगते, आणि शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच पुरी होते हेही त्याच कलमात नमूद आहे.

मग सौदा ठरल्यापासून घर हाती येईपर्यंत किती काळ जातो? व्यवहार रोखीचा आणि कागद निर्दोष असतील तर तीनचार आठवडे. घेणाऱ्याने बँकेचे कर्ज काढले असेल तर दीड ते अडीच महिने. विकणाऱ्याच्याही डोक्यावर जुने कर्ज उभे असेल तर तीन महिने किंवा थोडे अधिक. आणि इमारतीखालची जमीन सिडकोची, म्हाडाची वा सरकारी भोगवट्याची असेल, अथवा मूळ मालक दिवंगत झाला असेल, तर सहा महिनेही पुरतील याची शाश्वती कोणी देऊ नये. हे आडाखे व्यवहारातील सर्वसाधारण अनुभवाचे आहेत, कायद्याने घालून दिलेले नव्हेत. परंतु एकाच शहरातील, कदाचित एकाच इमारतीतील दोन सदनिकांच्या बाबतीत इतके अंतर का पडावे, हे समजून घेतले म्हणजे घेणाऱ्याची घाई वा विकणाऱ्याची निकड यांचा या काळाशी फारच थोडा संबंध आहे, आणि तो बव्हंशी त्या घराच्या गेल्या वीसतीस वर्षांच्या दप्तरावर ठरतो, हे ध्यानात येते.

दप्तराची तपासणी

विसारपावती झाल्यानंतरचे पहिले काम म्हणजे मालकी हक्काचा शोध. बांधकाम व्यावसायिकाने पहिल्या ग्राहकाशी केलेला करार, त्यानंतर ज्या ज्या वेळी सदनिका विकली गेली त्या त्या वेळचे दस्त, प्रत्येक दस्ताची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक दोनचा उतारा, संस्थेचे मूळ भागप्रमाणपत्र, इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र आणि मालमत्ता कराची अलीकडची पावती, ही साखळी सलग असावी लागते. वकील साधारणतः तीस वर्षांच्या नोंदी पाहून शोध अहवाल देतो, आणि बहुधा दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवितो. या नोटिशीची मुदत प्रघाताने सात ते पंधरा दिवसांची असते. सगळे कागद एका फाइलीत असतील तर हे प्रकरण दोनतीन आठवड्यांत निकाली निघते.

साखळीतील एखादा दुवा मात्र गहाळ असला, म्हणजे मधल्या एका खरेदीदाराचा दस्त नोंदविलेलाच नाही, किंवा त्यावर मुद्रांक शुल्क अपुरे भरलेले आहे, किंवा मूळ करार घर बदलताना हरवला आहे असे निघाले, तर दिवसांचा हिशेब तेथेच कोलमडतो. हरवलेल्या दस्ताकरिता पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र, जाहीर नोटीस आणि निबंधकाच्या कचेरीतून प्रमाणित नक्कल. अपुऱ्या मुद्रांकाकरिता मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रकरण आणि दंड. यांपैकी प्रत्येक गोष्ट साध्य असली तरी कोणतीही आठ दिवसांत होणारी नसते.

दोन बँकांच्या मधला काळ

घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा वकील हाच शोध आपल्या परीने पुन्हा घेतो, मूल्यनिर्धारक घर पाहून जातो, आणि त्या दोघांच्या अहवालांनंतरच मंजुरीपत्राला अर्थ येतो. येथे आधी पैशाची गणिते स्पष्ट असावीत. रिझर्व्ह बँकेच्या दंडकानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात ऐंशी टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी सर्वसाधारणपणे या किमतीत धरली जात नाही. म्हणजे स्वतःचा हिस्सा आणि शुल्काची रक्कम ही दोन्ही ओझी खरेदीदाराला पदरच्या पैशातून आणि बँकेच्या आधी उचलावी लागतात. भविष्यनिर्वाह निधीतून वा मुदतठेव मोडून हा हिस्सा उभा करावयाचा असेल तर त्याचे दिवस वेगळे धरावेत.

सर्वांत नाजूक अवस्था येते ती विकणाऱ्याचे कर्ज अद्याप फिटलेले नसते तेव्हा. मूळ दस्तऐवज त्याच्या बँकेच्या तिजोरीत. ते पाहिल्याशिवाय घेणाऱ्याची बँक रक्कम सोडावयास नाखूष. आणि ती रक्कम आल्याशिवाय जुने कर्ज फिटत नाही. यावर व्यवहारात रुळलेला तोडगा असा की, विकणाऱ्याची बँक शिल्लक कर्जाचे पत्र आणि आपल्याकडील कागदपत्रांची यादी देते, घेणाऱ्याची बँक त्या कर्जखात्याच्या नावे धनादेश काढते, आणि बाकीची रक्कम मूळ कागद हाती आल्यावर विकणाऱ्यास मिळते. कर्ज पुरते फिटल्यानंतर मूळ दस्तऐवज तीस दिवसांच्या आत परत केलेच पाहिजेत, आणि बँकेच्या दोषाने विलंब झाल्यास कर्जदारास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई दिली पाहिजे, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला, आणि तो त्याच वर्षीच्या १ डिसेंबरपासून लागू झाला. या निर्देशाने विलंबाला कमाल मर्यादा घातली हे खरे. पण ते तीस दिवस आपल्या वेळापत्रकात धरून चालावे हेच शहाणपणाचे.

नोंदणीची दुपार

या सर्व खटाटोपात सर्वांत भीतिदायक वाटणारा आणि प्रत्यक्षात सर्वांत अल्पकाळाचा टप्पा दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील होय. दस्ताचा मजकूर पक्का झाला, ऑनलाइन माहिती भरली, ग्रास प्रणालीतून शुल्काचे चलन भरले आणि वेळ घेतली, की उभय पक्ष, दोन ओळखदार साक्षीदार, छायाचित्रे आणि अंगठ्यांचे ठसे यांसह काम बहुधा एका दुपारीच आटोपते. मुद्रांक शुल्क कराराची किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे येणारी किंमत, यांतील जी अधिक तिच्यावर आकारले जाते. मुंबईत ते मेट्रोच्या अधिभारासह सहा टक्के आणि पुण्यात स्थानिक करासह सात टक्के पडते. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास एक टक्क्याची सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, परंतु कमाल तीस हजार रुपये.

बँकेचे कर्ज असलेल्या व्यवहारात प्रथम साठेखत नोंदवितात आणि पूर्ण मुद्रांक शुल्क त्याच वेळी भरतात. ताबा देण्याची अट असलेले साठेखत महाराष्ट्रात मुद्रांकापुरते अभिहस्तांतरणच मानले जात असल्यामुळे पुढच्या खरेदीखतावर शुल्क नाममात्रच लागते. दस्तावर सह्या झाल्यापासून तो नोंदणीस सादर करण्याची मुदत १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने चार महिन्यांची ठेविली आहे, आणि त्यापुढे दंड भरून आणखी चार महिने मिळतात. तथापि ही मुदत म्हणजे आळसाची सनद नव्हे, कारण मुद्रांक शुल्क सह्यांच्या आधी, त्या दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरलेले असावे लागते. किंमत पन्नास लाख वा अधिक असल्यास घेणाऱ्याने विकणाऱ्याला द्यावयाच्या रकमेतून एक टक्का आयकर कापून सरकारजमा करावयाचा असतो, हेही येथेच विसरले जाते आणि मागाहून व्याजासह आठवते.

संस्थेचा उंबरठा

गावदेवीतील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून मुंबईच्या मध्यमवर्गाच्या घराला सहकाराचे छप्पर आहे, आणि त्यामुळे सदनिकेची मालकी म्हणजे भिंतींवरील हक्काइतकेच संस्थेचे सभासदत्व. संस्थेचे ना-हरकत पत्र हा या वाटेवरचा सुप्रसिद्ध अडसर. भाग व हितसंबंध यांच्या हस्तांतरणास असे पत्र आवश्यक नाही, परंतु कोणी मागितल्यास समितीने त्यावर एका महिन्यात विचार करावा, असे आदर्श उपविधी सांगतात. बँका मात्र ते मागतातच, आणि समितीची सभा महिन्यातून एकदाच होत असेल तर एका चुकलेल्या सभेपायी व्यवहार महिनाभर खोळंबतो. विकणाऱ्याची थकबाकी, परवानगीविना वाढविलेली गॅलरी किंवा पार्किंगचा जुना तंटा नेमका याच वेळी सभेपुढे येतो.

हस्तांतरणासाठी संस्थेने घ्यावयाचे अधिमूल्य महानगरपालिका क्षेत्रात पंचवीस हजार रुपयांहून अधिक असू नये, अशी मर्यादा शासनाने २००१ मध्ये घालून दिली. 'ऐच्छिक देणगी' या गोंडस नावाखाली त्याहून मोठी रक्कम मागणे ही नियमाला दिलेली बगल होय. सभासदत्वाच्या अर्जावरील निर्णय संस्थेने अर्ज पोचल्यापासून तीन महिन्यांत कळविला नाही, तर अर्जदार सभासद झाल्याचे मानले जाईल, अशी तरतूद १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम २२ मध्ये आहे. म्हणून अर्ज देताना पोच घेणे हे क्षुल्लक दिसणारे काम पुढे फार मोलाचे ठरते. ताबा मिळाल्यानंतरही भागप्रमाणपत्रावर नाव चढणे, मालमत्ता कराच्या नोंदवहीतील बदल आणि वीजजोडणीचे नामांतर यांत आणखी काही आठवडे जातात. ते घरात राहून जातात, एवढाच दिलासा.

जेथे महिने खर्ची पडतात

नवी मुंबईतील बहुतेक इमारती सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडांवर आहेत. तेथे सिडकोची अनुमती आणि हस्तांतरण शुल्क यांचा अवधी निराळा धरावा लागतो. भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीवरील संस्थांत जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि नजराणा यांचा प्रश्न उभा राहतो, आणि त्या फाइलीचा वेग कोणत्याही मध्यस्थाच्या आश्वासनावर चालत नाही. मालक मृत्यू पावला असेल तर नामनिर्देशित व्यक्ती आणि कायदेशीर वारस हे एकच नव्हेत. संस्थेने नामनिर्देशिताचे नाव लावले असले तरी सर्व वारसांची संमती अथवा हक्कसोडपत्र नोंदविल्याखेरीज घेणाऱ्याने पैसे मोजू नयेत.

अलीकडे फार वेळा आढळणारा प्रकार परदेशस्थ मालकाचा. न्यू जर्सीला वा दुबईला स्थायिक झालेला मुलगा कोथरूडचे वडिलोपार्जित घर विकू पाहतो, तेव्हा त्याचे कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत किंवा नोटरीपुढे साक्षांकित व्हावे लागते, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत येथील मुद्रांक त्यावर लागावा लागतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत आयकर कपात एक टक्क्याची राहत नाही. ती पुष्कळ मोठी असते, आणि कमी दराने कपात व्हावी म्हणून त्याने आयकर खात्याकडून प्रमाणपत्र आणावयाचे, तर त्यात आठवड्यांवर आठवडे जातात.

घेणाऱ्याने काय करावे

स्थावराच्या करारात मुदत हाच कराराचा गाभा आहे असे न्यायालये गृहीत धरीत नाहीत. तसा हेतू शब्दांतून वा परिस्थितीतून स्पष्ट व्हावा लागतो. म्हणून 'लवकरात लवकर' अथवा 'कर्ज मंजूर होताच' असे मोघम न लिहिता, कोणता कागद कोणी कोणत्या तारखेपर्यंत द्यावयाचा, तो न दिल्यास विसार किती दिवसांत परत करावयाचा, आणि कर्ज नामंजूर झाले अथवा शोध अहवाल प्रतिकूल आला तर काय, हे विसारपावतीतच लिहून घ्यावे. खरेदीदाराने अकारण माघार घेतली नसेल तर आगाऊ दिलेल्या रकमेपुरता त्याचा बोजा त्या मिळकतीवर राहतो, असे संरक्षण हस्तांतरण अधिनियमात आहे. पण तो बोजा कोर्टात जाऊन वसूल करण्यापेक्षा मुळात रक्कमच माफक ठेवणे बरे.

विकणाऱ्यांनाही सांगणे एवढेच की, गिऱ्हाईक शोधावयास निघण्यापूर्वी आपली कागदांची साखळी, भागप्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि कर्जाचा हिशेब तयार ठेवावा. ज्या सौद्यात हे सारे पहिल्याच दिवशी टेबलावर येते, तो सौदा दोन महिन्यांच्या आत मार्गी लागण्याचा संभव पुष्कळ. आणि घेणाऱ्याने भाड्याच्या घराला नोटीस द्यावी ती विसार दिल्यावर नव्हे, कर्ज मंजूर झाल्यावरही नव्हे, तर साठेखताची नोंदणी होऊन ताब्याची तारीख त्यात आकड्यांत लिहिली गेल्यावरच.